डावीकडची दुसरी बरगडी

सुरतेत आम्ही एक्स-रेवाले डॉक्टर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला एका हॉलमध्ये जमायचो आणि एकमेकांच्या चुका काढायचो. नव्वदीतली गोष्ट. कागदोपत्री त्याला निरंतर वैद्यकीय शिक्षण असं भारदस्त नाव होतं, पण बोलताना सगळे ‘फिल्म वाचायला चाललो’ एवढंच म्हणत. बायको विचारायची, आठवडाभर फिल्मा वाचून पोट भरत नाही का? तिला काय सांगणार? पोटाचा प्रश्नच होता तो.

मी शिकलो तेव्हा आमच्या विषयात होतं काय, तर साधा एक्स-रे आणि बेरियम पाजून काढलेला एक्स-रे. तपासणी अंधाऱ्या खोलीत व्हायची, तेव्हा डोळे अंधाराला सरावावेत म्हणून आम्ही लाल काचांचे गॉगल लावून वॉर्डातून हिंडायचो आणि त्याचाही आम्हाला केवढा तोरा असे. मी धुळ्याकडचा, सुरतेत येऊन उधना दरवाज्यापाशी क्लिनिक थाटलं आणि वाटलं, आता जन्माची ददात मिटली. मग सोनोग्राफी आली. सीटी आला. एमआरआयच्या गप्पा सुरू झाल्या. माझ्या निम्म्या वयाची मुलं-मुली मेंदूचे काप बघून धडाधड निदानं सांगू लागली आणि मी शेहेचाळीसाव्या वर्षी पुन्हा पहिलीत जाऊन बसलो. सोनोग्राफी शिकायला पाच दिवस मुंबईला गेलो, तर एका मशीनभोवती आम्ही चाळीस जण. माझ्या हातात पोटावर फिरवायचा प्रोब आला तो जेमतेम एक चहा निवेपर्यंत. एक मित्र पोस्टाने परदेशी मासिकांच्या झेरॉक्स पाठवायचा, त्या मी पेन घेऊन वाचायचो, अर्ध्या कळायच्या नाहीत.

त्यामुळे त्या रविवारांना मी मागच्या रांगेत बसायचो. कुणी पुढे बोलावू नये म्हणून मान खाली घालून वहीत काहीबाही लिहीत राहायचो.

पुढे बोलावण्याची तिथे रीतच होती. ज्याने फिल्म आणली असेल तो फिल्मचा मालक. त्याने पेशंटच्या नावावर काळी पट्टी चिकटवायची, फिल्म आतून उजेड असलेल्या व्ह्यू बॉक्सवर लावायची आणि गप्प बसायचं. मग कुणातरी दोघा-तिघांना उठवायचं. उठलेल्याने त्या उजेडासमोर उभं राहून जे दिसतं ते सगळ्यांदेखत मोठ्याने बोलायचं. शेवटी मालकाने निदान सांगायचं. पेशंट कोण, कुठला, आता कसा आहे, हे कुणी विचारायचं नाही. कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून तो नियम होता आणि मला तो फार सभ्य वाटायचा.

माझी सगळी इज्जत एकाच गोष्टीवर टिकून होती, ती म्हणजे छातीची साधी फिल्म. पांडेसऱ्यातल्या रंगाई-छपाईच्या मिलांमधून खोकणारी माणसं माझ्याकडे यायची, बहुतेक सगळी खानदेशची. त्यांच्याशी मी अहिराणीत बोलायचो, म्हणून ती वाटेतली दोन क्लिनिकं सोडून माझ्याकडे यायची. टीबीच्या एवढ्या तऱ्हा मी पाहिल्या होत्या की त्या बाबतीत मुंबईच्या लोकांनीही माझ्याकडून शिकावं, असं मला मनातून वाटे. फक्त तसा मौका मिळत नव्हता.

तो मौका एका मे महिन्यात आपल्या पायांनी चालत आला. प्लेगची पळापळ होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. पांडेसऱ्यातल्या एका फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी देऊन एक चाळिशीचा माणूस पाठवला होता. रंगाईच्या मिलमध्ये कामाला, नखांच्या कडा निळ्या, बोलायला मवाळ. खोकल्यातून रक्त पडतं, एवढंच चिठ्ठीत होतं. फिल्म धुऊन बाहेर आली, मी ती उजेडावर धरली आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. उजव्या फुप्फुसात वर जुन्या टीबीची गोल पोकळी, तिच्यात बुरशीचा गोळा, आणि गोळ्याच्या माथ्यावर हवेची बारीक, रेखीव चंद्रकोर. पुस्तकात छापतात ती फिल्मसुद्धा इतकी देखणी नसते. मी ती माझ्या टेक्निशियनला दाखवली, शेजारच्या लॅबवाल्याला बोलावून दाखवली.

ही फिल्म आपल्याकडे असायला हवी, असं मला झालं. फिल्म पेशंटची असते, तो ती घरी नेतो, गादीखाली ठेवतो, दर डॉक्टरपुढे काढतो. पण आमच्यात चांगली फिल्म मागून ठेवून घ्यायची चाल होती, सगळेच घेत. मी बाहेर आलो तेव्हा तो शर्ट घालत होता. उजव्या हाताने डाव्या हाताला बाहीत ढकलत होता. मी पाहतोय म्हटल्यावर म्हणाला, डावा हात दुखस, रातले जास्तीच दुखस. मी त्याच्याच बोलीत म्हणालो की ओल्या कापडाचे गठ्ठे उचलतोस, मग दुखणारच. तो हसला. आपल्या बोलीत सांगितलेलं माणसाला लगेच पटतं. मग मी फिल्म मागितली, म्हटलं बाकीच्या डॉक्टरांना शिकायला उपयोगी पडेल.

“ठी ल्या साहेब,” तो म्हणाला, ठेवून घ्या. “मी काय करसू त्या काया कागदनं?”

त्याला मी टाइप केलेला रिपोर्ट दिला. उजवीकडे जुन्या टीबीची पोकळी, आत बुरशीचा गोळा. रिपोर्ट अगदी बरोबर होता. तो घेऊन तो गेला आणि मी फिल्म एका पाकिटात घातली, वर लिहिलं ‘चंद्रकोर’, आणि कपाटात ठेवली. तिथे सगळी पाकिटं रोगांच्या नावाने लावलेली असायची.

फिल्म मी लगेच नेली नाही, हे इथेच सांगून टाकतो. जूनमध्ये माझी पाळी होती, ती मी दुसऱ्याला दिली. हिवाळ्यात मुंबईचे एक नावाजलेले सर येणार अशी बातमी होती. छातीच्या फिल्मांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. मला माझी चंद्रकोर त्यांच्यासमोर लावायची होती. सात महिने ती कपाटात राहिली. अधूनमधून मी ती काढून बघायचो, आणि दर वेळी नजर सरळ चंद्रकोरीवर जाऊन बसायची.

डिसेंबरातल्या त्या रविवारी हॉल गच्च भरला होता. बाहेर हुरड्याच्या पोंकवड्यांचा वास येत होता. सरांनी तासभर स्लाइड दाखवल्या, मग फिल्मा सुरू झाल्या. माझी तिसरी. मी पट्टी लावून ती बॉक्सवर चढवली आणि इस्त्रीच्या शर्टात बाजूला उभा राहिलो. पहिला उठला त्याने चंद्रकोर ओळखली. दुसऱ्याने ओळखली आणि बुरशीचं लॅटिन नावही सांगितलं. सर म्हणाले, सुंदर फिल्म आहे, अशी मीही क्वचित पाहिली. वीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. माझा चेहरा मला लपवता येत नव्हता.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नुकतीच पास होऊन आली होती, एका सीटी सेंटरवर नोकरी करत होती, अजून तिला कुणी नावाने ओळखतही नव्हतं. गुजरातीतून, चाचरत, तिने एवढंच विचारलं,

“सर, डावीकडची दुसरी बरगडी मागच्या बाजूला कुठे आहे?”

सगळे डावीकडे बघू लागले. मीही बघितलं. हाडाची पांढरी कड पाठीच्या कण्यापासून निघायला हवी, तिथे काही नव्हतं. बरगडी मागून खाल्ली गेली होती. तिच्याभोवती, कॉलरबोनच्या आड, फुप्फुसाच्या अगदी टोकाला एक करडा डाग होता. फुप्फुसाच्या टोकाचा कॅन्सर तिथेच बसतो, बरगडी खातो, हाताच्या नसांना धरतो आणि हात दुखत राहतो. आमच्या विषयातल्या पोराटोरांना हे पाठ असतं. मलाही पाठ होतं. रातले जास्तीच दुखस, हे शब्द मला त्या हॉलमध्ये, त्या माणसाच्या आवाजात ऐकू आले.

सर खूश झाले. सगळ्यांकडे वळून त्यांनी समजावलं की एक ठळक गोष्ट सापडली की डोळे समाधानी होतात आणि दुसरी शोधायची थांबतात, रेडिओलॉजिस्टची सगळ्यात जुनी चूक ती हीच. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, असा डबल सापळा लावलेली फिल्म मी प्रथमच पाहिली, मालकाने आम्हा सगळ्यांना मस्त फसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मला माहीत होतं. मी मुद्दामच गप्प उभा होतो, असं.

मी मान डोलावली.

तेव्हाच बोललो असतो तर पुढचं पुष्कळ सोपं झालं असतं. पण टाळ्या माझ्यासाठी होत्या आणि मी मागच्या रांगेतला माणूस होतो. सरांनी स्लाइड करायला कॉपी मागितली, ती मी देतो म्हणालो. जेवायला थांबायचा आग्रह झाला. मी पोट दुखतंय असं सांगून फिल्म काखोटीला मारली आणि स्कूटरवर बसलो. उधना दरवाज्यापर्यंत कसा आलो ते आठवत नाही.

क्लिनिकचं शटर अर्धं उघडून आत गेलो आणि ती पट्टी सोलली. तोवर मला त्याचं नावही आठवत नव्हतं. एक विचार मनात येऊन गेला, तो लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. वाटलं, नाव न वाचता पट्टी परत चिकटवावी. सात महिने झालेत, आता काय फरक पडणार? मग रजिस्टर काढलं. नावासमोर पत्ता होता, ‘पांडेसरा’. बस. एवढ्या मोठ्या वस्तीत मी एका माणसाला ‘पांडेसरा’ एवढ्या पत्त्यावर सोडून दिलं होतं.

सोमवारी सकाळी त्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. भला माणूस, त्याचा दवाखाना बसमध्ये धक्के खात चढावं तसा भरलेला असायचा. त्याला पेशंट आठवला. रक्त थांबलं होतं, म्हणाला, पण खांद्याची तक्रार सुटेना, म्हणून पाच-सहा वेळा इंजेक्शनं दिली, शेक घ्यायला सांगितला. दिवाळीपासून आलाच नाही. मी फिल्म काढून खिडकीच्या उजेडाला धरली आणि बोटाने जागा दाखवली. त्याने फिल्म हातात घेऊन ती जागा पुन्हा बघितली. मग म्हणाला की त्याने एकदा फिल्म मागितली होती, पेशंट म्हणाला ती मोठ्या साहेबांकडे आहे, तेव्हा साहेबांनी नीटच बघितली असणार असं वाटून त्याने पुन्हा विचारलं नाही.

“तुमचा रिपोर्ट होता ना,” तो म्हणाला. दोष द्यायचा म्हणून म्हणाला नाही, त्यामुळेच ते जास्त लागलं.

मिलमध्ये गेलो. गेटवर मुकादमाने सांगितलं की त्याचा डावा पंजा मिटेनासा झाला, गठ्ठा धरता येईना, गणपतीनंतर काम सुटलं. राहायला रेल्वेच्या बाजूच्या चाळीत होता. तिकडे गेलो तर चाळ नव्हतीच. त्या दिवसांत रस्ते रुंद करायचं काम जोरात होतं. जिथे खोल्या होत्या तिथे खडी पसरलेली होती आणि रोलर उभा होता. शहर स्वच्छ होतंय म्हणून वर्तमानपत्रांतून कौतुक चाललं होतं, मीही चहा पिताना त्याला दाद दिली होती. आता त्या खडीवर उभा राहून ज्याला त्याला विचारत होतो, इथली माणसं कुठे गेली. कुणी म्हणे बमरोलीला, कुणी म्हणे गावाला, कुणी म्हणे कतारगामला कुणाच्या तरी नात्यात. कतारगाम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी गेलो. त्या आडनावाची दोन घरं सापडली, दोन्ही भलतीच.

ते चार दिवस मी पेशंट बघितले ते कसे, देव जाणे. प्रत्येक फिल्म मी दहा-दहा मिनिटं धरून बसायचो, बरगड्या मोजायचो, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. टेक्निशियन घाबरून विचारू लागला, साहेब, तब्येत बरी आहे ना? दुपारी क्लिनिक बंद करून स्कूटर काढायचो. बायकोला एवढंच सांगितलं की एक पेशंट सापडत नाही. ती म्हणाली, तो हरवला तर पोलिसांत जा. मला वाटलं, हरवलोय मी. कुठल्या ठाण्यात जाऊ?

चौथ्या दिवशी एका खानदेशी खाणावळीत माग लागला. भाकऱ्या थापणाऱ्या बाईने मला नीट न्याहाळलं आणि अहिराणीतच विचारलं की त्यांच्याकडून काही येणं आहे का. नाही, म्हटलं, माझंच देणं आहे. तेव्हा तिने भेस्तानचा पत्ता सांगितला, एका अर्धवट बांधलेल्या घरांच्या रांगेतली शेवटची खोली.

तो दाराशी ओट्यावर उन्हात बसला होता. फिल्म काढायची गरज पडली नाही. नसा धरल्या गेल्याने डाव्या डोळ्याची पापणी खाली आली होती आणि मांडीवर ठेवलेल्या डाव्या पंजात अंगठ्याजवळचं मांस पार गेलं होतं. त्याने मला ओळखलं आणि धडपडत उठला. बायकोला आत हाक मारून म्हणाला, उधन्याचे डॉक्टरसाहेब आलेत, आपल्या तिकडचे. तिने पाटावर चादर घातली, शेजारून दूध आणून चहा केला. एवढा मोठा डॉक्टर घर शोधत आला, हे तो मला चहा संपेपर्यंत दोनदा म्हणाला. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो की हाताची एक तपासणी राहिली होती, ती उद्याच करून घेऊ, खर्च माझ्याकडे. राहिली होती. असं म्हणालो मी.

सीटी सेंटर त्या मुलीचंच निघालं, म्हणजे तिची नोकरी जिथे होती ते. दुसरं जवळ नव्हतं. तो आत टेबलावर झोपलेला असताना ती काचेमागे बसून एकेक काप बघत होती आणि मी मागे उभा होतो. मला सीटी फारसा वाचता येत नव्हता, पण तेवढा आला. कॅन्सर कण्याच्या मणक्यात शिरला होता. ऑपरेशनची वेळ गेली होती. तिने माझ्या हातातली जुनी फिल्म मागून घेतली, शेजारी लावली आणि वरची तारीख वाचली. पट्टी आता नव्हती. तारीख मे महिन्याची होती. ती वळली. तिचा चेहरा उतरला होता.

“सर, तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?”

हो म्हणावं, तर जाणूनबुजून एका माणसाला मी सात महिने मरणाच्या वाटेवर सोडलं, केवळ रविवारच्या करमणुकीसाठी. नाही म्हणावं, तर त्या टाळ्या मी चोरल्या. पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. मी नाही म्हणालो. दिसलं नव्हतं मला. तू विचारलंस तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

तिने नजर खाली केली. मला वाटलं, ती काहीतरी समजूत घालेल. मोठ्यांच्या चुकीवर लहान डॉक्टर घालतात तशी. तिने घातली नाही. म्हणाली, “मने कहीने शुं, सर? एमने कहो.” मला सांगून काय उपयोग, त्यांना सांगा.

मुंबईला किरणांच्या उपचाराची सोय करायला आठ दिवस लागले. त्याने दुखणं तेवढं कमी होणार होतं. मधे मी दोनदा भेस्तानला गेलो आणि दोनदा माझी चूक न सांगता परतलो. प्रत्येक वेळी तो आपल्या चांगल्या हाताने माझा हात धरायचा आणि मी आजाराबद्दल, गाडीबद्दल, तिकडे उतरायच्या धर्मशाळेबद्दल बोलायचो. क्लिनिकमध्ये एक माणूस, हॉलमध्ये एक माणूस आणि या ओट्यावर एक देवमाणूस, अशी माझी तीन सोंगं झाली होती. झोप उडाली. मुलगा गणित विचारायला आला तर त्याच्यावर खेकसलो, मग त्याच्याशेजारी बसून रडलो. तो बिचारा वही तशीच टाकून आईला बोलवायला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी फिल्म घेऊन गेलो. बायको पिशवी भरत होती, तिलाही बसायला सांगितलं. आणि सांगितलं. हाताचं दुखणं गठ्ठ्यांचं नव्हतं, हे डावीकडे तेव्हाच दिसत होतं, ते मला दिसलं नाही. मी उजवीकडचंच बघत बसलो. फिल्म तुमच्याकडे असती तर कदाचित दुसऱ्या कुणाला दिसलं असतं, ती मी ठेवून घेतली. मी अहिराणीत सांगत होतो आणि त्या बोलीत आडपडदा ठेवता येत नव्हता. माफ करा, हे तेवढं तोंडातून निघेना. शेवटी तेही म्हणालो.

त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. तो फिल्मकडे बघत होता. मी ती आभाळाकडे धरून त्याला जागा दाखवली. त्याने बोट ठेवून पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याला हात लावून पाहिला. मला वाटलं आता शिव्या घालेल. घालाव्यात, अशी माझी फार इच्छा होती.

“मंग आते कोणले दिसनं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं, त्या दिवशी सीटी काढणारी ती पोरगी, तिला. कुठे दिसलं तेही सांगावं लागलं. महिन्यातून एकदा आम्ही जमतो, फिल्मा लावतो, एकमेकांना शिकवतो. किती डॉक्टर असतात, त्याने विचारलं. असतील तीस-पस्तीस, मुंबईचेही एक मोठे आले होते. कोणत्या दिवशी? रविवारी सकाळी. कुठे? मी जागा सांगितली. ती त्याला ठाऊक होती, तिथल्या रस्त्याने तो पूर्वी कामाला जात असे.

तो मनाशी काहीतरी जुळवत होता.

“आयतवारे मी घरच व्हतू,” तो म्हणाला. “एवढा डाक्टर एके जागे बसेल व्हतात. फिल्म लई गयात, तं माले बी लई जातात ना, साहेब?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. फिल्म नेलीत तशी मलाही का नेलं नाहीत, हे तो खरोखरच विचारत होता, आणि मी काय सांगतो याची वाट बघत बसला.